माळ, गुत्ता आणि पंचविशीची अट

दारू पिण्यासाठी किमान वयाची अट असावी, ही कल्पना शिरड शहापूरच्या परिसरात फार उशिरा आली. दारू कोणी प्यायची नाही, हे मात्र तिथे शतकानुशतके ठरलेले होते. ते वयावर ठरत नसे. घराणे, जात, गळ्यातली माळ आणि बाई की पुरुष, यांवर ठरत असे. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात मोडते. त्याआधी ते परभणी जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे एकाच गावाने पन्नास वर्षांच्या आत तीन राजवटींची दारूविषयक धोरणे पाहिली: निजामाची अबकारी, मुंबई राज्याची दारूबंदी आणि महाराष्ट्राचा परवाना. वयाची अट यांपैकी तिसरीत ठळक झाली.

जुन्या बंधनांमध्ये धर्माचे बंधन सर्वांत पक्के होते. शिरड शहापूर हे मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी ओळखले जाणारे क्षेत्र आहे. जैन गृहस्थाच्या मूलगुणांत मद्य, मांस आणि मध यांचा त्याग सुरुवातीलाच येतो. दिगंबर परंपरा आठ वर्षांच्या मुलाला व्रत घेण्यास पात्र मानते. म्हणजे वयाचा आकडा इथे होता, पण तो प्यायला मोकळीक देणारा नव्हता. कायमचे सोडण्याची जबाबदारी कधीपासून पेलता येते, हे सांगणारा होता. वारकरी घरांतही हीच चाल. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचे नाव औंढ्याशी जोडलेले. या मुलखात माळकरी घर म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मटण सुटले. ती सहाव्या वर्षी पडली की साठाव्या, याने काही फरक पडत नसे.

ज्या घरांत दारू चालत असे, तिथेही वयाची रेघ पुसटच होती. म्हसोबा, मरीआई अशा देवतांना काही समाजांत दारूचा नैवेद्य दाखवला जाई आणि प्रसादाचा थेंब घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येई. आषाढातल्या आखाडीला पुरुषमंडळी बसत. पोरे भोवती घुटमळत, बसत मात्र नसत. त्यांना अडवणारी गोष्ट होती वडीलधाऱ्यांसमोर न पिण्याची रीत, आणि ती रीत चाळिशीच्या मुलालाही बापासमोर लागू होती. औषधाची बाब वेगळी. सर्दी-खोकल्यात लेकराच्या छातीला ब्रँडी चोळणे, चमचाभर पाजणे हे अनेक घरांत आजारपणाच्या उपायांतच मोजले जाई. अफूची बाळगोळी तर एके काळी पश्चिम भारतात इतकी सर्रास दिली जात होती की १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे तिची चर्चा झाली. आई कामावर गेली की मूल शांत झोपावे, एवढाच तिचा हेतू. नशा आणि औषध यांत फरक करण्याची सवय जिथे पडलेली नाही, तिथे नशेचे किमान वय ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

शिंदीने तर हा गोंधळ आणखी वाढवला. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडाला खाच देऊन रात्रभर मडके लावले की पहाटे गोड रस मिळतो, तो म्हणजे नीरा. ती थंडगार असताना लेकरांनाही बिनधास्त दिली जाई. ऊन चढू लागले की तोच रस आंबतो, त्याला फेस येतो, वास बदलतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. मडके तेच, झाड तेच. त्यातला घोट मुलासाठी योग्य की अयोग्य, हे मुलाच्या वयापेक्षा सूर्य किती वर आला आहे यावर ठरत असे.

निजामाच्या सरकारला या रसात रस होता तो वेगळ्या कारणाने. हैदराबाद संस्थानाच्या तिजोरीला जमीन महसुलाच्या जोडीने अबकारीचा मोठा आधार होता. १३१६ फसलीचा, म्हणजे साधारण १९०७ सालचा, हैदराबाद अबकारी कायदा हे त्या व्यवस्थेचे मुख्य साधन. दुकानांचा लिलाव होई, जास्त बोली लावणाऱ्याला गुत्ता मिळे आणि गुत्तेदार दिलेली रक्कम वसूल करण्याच्या मागे लागे. मराठवाड्यात गुत्ता म्हणजे ठेका आणि गुत्ता म्हणजे दारूचे दुकानही, ते याच पद्धतीमुळे. ज्याला लिलावाची रक्कम फेडायची आहे, त्याला समोरच्या गिऱ्हाइकाच्या मिशा फुटल्या आहेत की नाही हे पाहण्यात रस असण्याचे कारण नव्हते.

गिऱ्हाईक पुष्कळदा मूलच असे, पण स्वतःसाठी आलेले नव्हे. बापाने तांब्या किंवा बाटली हातात देऊन गुत्त्यावर धाडलेले पोर हे खेड्यापाड्यात कोणालाही नवल न वाटणारे दृश्य होते. वयाच्या कायद्यांचा जगातला इतिहास पाहिला तर त्याची सुरुवातही याच फेरीपासून झालेली दिसते. इंग्लंडमध्ये १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या हाती उघड्या भांड्यात बिअर देण्यास मनाई केली. सीलबंद बाटली चालत होती. १९०८ च्या बालकायद्याने पाच वर्षांखालच्या मुलाला दारू पाजणे गुन्हा ठरवले. अठरा वर्षांखालच्यांना विक्रीची बंदी आली ती १९२३ साली, खासदार नॅन्सी ॲस्टर यांच्या विधेयकाने. अर्थात पाच वर्षांवरच्या मुलाने घरात, पालकांच्या देखत घोटभर घेतली तर तिथला कायदा आजही हरकत घेत नाही. तिथे बंधन आले ते मुख्यतः दुकानावर. घर बहुतांशी आई-बापांवर सोपवलेले राहिले.

मराठवाड्यात दारूच्या विरोधात पहिली मोठी राजकीय उठावणी झाली तिचे कारण आरोग्य नव्हते, महसूल होता. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसने करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांबरोबर शिंदीच्या झाडांनाही लक्ष्य केले. झाड पडले की निजामाचे उत्पन्न पडते, हे सोपे गणित. या लढ्यात स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेवर शाळा-कॉलेजे सोडून आलेल्या विद्यार्थ्यांचा मोठा भरणा होता. मुलांना दारूपासून कसे दूर ठेवावे, हे ठरवणारा कायदा या भागात अजून यायचा होता आणि मिसरूड फुटलेली मुले दारूच्या झाडांवर कुऱ्हाड चालवणाऱ्या लढ्यात उतरली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईत तेव्हा संपूर्ण दारूबंदी होती. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात ती सुरू केली होती, पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मद्यनिषेधाला धोरणाचा दर्जा दिला. म्हणजे काही काळ एकाच राज्यात पुण्याला बाटली बाळगणे गुन्हा आणि परभणीकडे दुकान कायदेशीर, असा प्रकार होता. १९५९ मध्ये कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. संपूर्ण बंदीत वयाला अर्थच उरत नाही. पंधरा वर्षांचा आणि पन्नास वर्षांचा दोघेही सारखेच गुन्हेगार. पिणे मात्र थांबले नाही, ते गुत्त्यावरून हातभट्टीवर गेले. गूळ, मोहाची फुले आणि नवसागर यांचे रसायन डब्यात कुजवून रानात, नाल्याच्या आडोशाला भट्टी लागू लागली. गुत्त्याला निदान वेळ होती, जागा होती, सरकारी पाटी होती. भट्टीला यांतले काहीच नव्हते, आणि तिथे वय विचारणारा कोणी असण्याची शक्यता गुत्त्याहूनही कमी.

१९६० च्या दशकात बंदी सैल झाली. १९७३ च्या देशी दारू नियमांनी खेड्यातल्या दुकानाला पुन्हा कायद्याची जागा दिली. पण १९४९ चा कायदा रद्द झाला नाही. महाराष्ट्रात आजही तत्त्वतः दारूबंदीच आहे आणि परवाना हा त्यातला अपवाद. बारवरच्या ‘परमिट रूम’ या पाटीचे मूळ हेच. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपये, देशीसाठी दोन रुपये. वर्षाचा शंभर, आजन्म हजार. या परवान्यावर वयाची अट बसली: दारूसाठी २५, सौम्य बिअरसाठी २१. हा आकडा जगातल्या सर्वांत चढ्या आकड्यांपैकी आहे. नांदेडपलीकडच्या तेलंगणात २१, गोव्यात १८, दिल्लीत मात्र २५. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने रस्त्यांसाठीचा केंद्रीय निधी वयाच्या अटीशी बांधला आणि १९८८ पर्यंत सर्व राज्ये २१ वर आली. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर आणि वाइन, अठराव्या वर्षी कडक दारू.

पंचविशीवरून खरा वाद पेटला तो २०११ मध्ये, राज्य सरकारच्या व्यसनमुक्ती धोरणाने हा आकडा पुन्हा पुढे आणला तेव्हा. अभिनेता इम्रान खान याने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. अठराव्या वर्षी मत देता येते, एकविसाव्या वर्षी लग्न करता येते, मग बाटली विकत घेण्यास माणूस अजाण कसा, हा विरोधकांचा मुद्दा होता. समर्थक व्यसन लवकर जडण्याचा धोका पुढे करत. दोन्ही बाजूंचा वाद मुंबई-पुण्याच्या बारभोवती फिरत राहिला. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोघांचा बळी घेतल्यावर पबवर कारवाई झाली, तीही शहरातच. खेड्यातल्या देशीच्या दुकानात पंचविशीचा पुरावा मागणे ही अट मुळातच अवास्तव होती, आणि जी अट पाळली जाण्याची कोणाला अपेक्षा नसते ती अल्पवयीनांना दारू न देण्याची साधी मर्यादाही सोबत बुडवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मद्यपान मोजते तेव्हा पंधरा वर्षांपासून मोजते. २०१९-२१ च्या पाहणीत देशभरात पंधरा वर्षांवरचे १८.८ टक्के पुरुष आणि १.३ टक्के स्त्रिया पिणाऱ्या आढळल्या.

मुलाच्या बाजूने अधिक धारदार तरतूद दारूच्या कायद्यात नसून २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे. कलम ७७ प्रमाणे, पात्र डॉक्टरच्या सांगण्यावाचून मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ मुलाकडून दारूची विक्री किंवा ने-आण करून घेणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगते. हातात बाटली देऊन पोराला दुकानावर धाडण्याची जुनी रीत या शब्दांच्या कक्षेत येऊ शकते, तरी तिला गुन्हा मानणारे घर विरळा.

गावाच्या हाती उरते ते दुकानच बंद करण्याचे साधन. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. चिठ्ठीवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकानाला टाळे लागते. मतदानाचे वय १९८९ पासून अठरा आहे. त्यामुळे जिला दारूचा परवाना मिळायला अजून सात वर्षे अवकाश आहे, अशी मुलगीही गावात दारू विकली जावी की नाही याचा निर्णय देऊ शकते.