उमेदवार आणि त्याचा वस्ताद

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आणि मराठीच्या वर्गातही एक नवी लगबग सुरू झाली. एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने वृत्तपत्राच्या कचेरीत, छापखान्यात, ग्रंथालयात किंवा प्रकाशकाकडे जाऊन काम शिकायचे, तिथल्या कोणीतरी त्याच्यावर देखरेख ठेवायची आणि शेवटी त्याच्या वहीवर सही करायची. या ‘कोणीतरी’ला कागदोपत्री मेंटॉर म्हणतात. लांज्याकडच्या एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, “सर, असे कामावर शिकवण्याचेच काम आयुष्यभर करता येते का? त्याचा पगार मिळतो का?” तिच्या प्रश्नात चेष्टा नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवे होते. आम्हाला ते चटकन देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

आरंभ शब्दांपासून करू. कामावर राहून शिकणाऱ्याला मराठीत जुना आणि सुंदर शब्द आहे : उमेदवार. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. पुढे नेमणूक होईल या आशेवर कचेरीत किंवा दुकानात फुकट राबणारा तो उमेदवार, आणि त्याचे ते राबणे म्हणजे उमेदवारी. निवडणुकीतला उमेदवार हा त्याचा अलीकडचा भाऊबंद. शिकण्याच्या क्रियेलाही आपल्याकडे शब्दांची वाण नाही. हाताखाली राहणे, हात बसणे, हाताला वळण लागणे, हातखंडा होणे : सगळी शब्दकळा हाताभोवती फिरते. मात्र ज्याच्या हाताखाली राहायचे त्याला काय म्हणायचे? वस्ताद म्हणावे तर तो तालमीत जाऊन बसला. मिस्त्री, मुकादम, मास्तर ही अधिकाराची किंवा कारागिरीची नावे आहेत. शिकवणे हेच ज्याचे काम, असा कामाच्या जागेवरचा माणूस या शब्दांत कुठे सापडत नाही. हे दारिद्र्य भाषेचे नसून व्यवहाराचे आहे, आणि त्याला इतिहास आहे.

लांज्याच्या संदर्भात तो इतिहास मुंबईच्या गिरण्यांत शोधावा लागतो. मुचकुंदीच्या खोऱ्यातली भातशेती घरातल्या सगळ्या तोंडांना वर्षभर पुरणारी नव्हती. रत्नागिरीच्या किंवा राजापूरच्या बाजूच्या बंदरापर्यंत पायी जायचे आणि तिथून बोटीने मुंबई गाठायची, हा अनेक पिढ्यांचा मार्ग होता. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे या एका जिल्ह्यात जन्मलेले होते. नांगर आणि कोयता ओळखणारी ही माणसे लोखंडी साच्यापुढे उभी राहिली, तेव्हा त्यांना शिकवले कोणी?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. यंत्रे विलायतेची, आणि आरंभीचे कताई व विणाईचे मास्तरही बरेचसे लँकेशायरचे. त्यांना मराठी येत नव्हते आणि कामगारांना इंग्रजी. या दोघांच्या मधोमध जो उभा राहिला तो जॉबर. माणसे आणायची त्याने, कामावर लावायची त्याने, साचा बिघडला तर बघायचा त्याने आणि नव्याला शिकवायचेही त्यानेच. साहित्याच्या अभ्यासकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. जॉबर हा दुभाष्याही होता. परक्या यंत्राचे व्याकरण तो मराठी बोलीत उतरवत होता.

हे शिकवणे दिसायचे मात्र नाही. नवा गडी बहुधा गावच्याच कोणाच्या तरी ओळखीने यायचा, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि चुलत्याच्या नाही तर शेजाऱ्याच्या साच्याजवळ उभा राहायचा. तुटलेला धागा सांधायचा, बाबीन बदलायची, आवाजावरून बिघाड ओळखायचा. पगार नाही. मग कधीतरी बदली कामगार म्हणून एखादा दिवस मिळायचा. अशा रीतीने खोली आणि खाते मिळून एक शाळा चालत होती. तिला फळा नव्हता आणि तिचे दप्तर कोणी ठेवले नाही.

तिची फी मात्र होती. तिला दस्तुरी म्हणत. काम मिळवण्यासाठी आणि मिळालेले टिकवण्यासाठी जॉबरला पैसे द्यावे लागत. स्त्रियांच्या खात्यांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीही हीच पद्धत चालवत. जॉबरला शिकवण्याचा वेगळा मोबदला गिरणी देत नव्हती. त्याने तो शिकणाऱ्याच्या खिशातून काढला, आणि जे ज्ञान द्यायचे ते सत्ता म्हणून वापरले. त्याचे गुणगान करावे असे यात काही नाही.

त्याहून गंभीर गोष्ट दुसरी. जो शिकवतो तो कोणाला शिकवायचे हेही ठरवतो. गिरणीत विणाई खात्यात मजुरी जास्त मिळे. पण धोट्यात नवी कांडी घातली की तिच्यावरचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावा लागे. विटाळाचे निमित्त पुढे करून या खात्यातून अस्पृश्य कामगारांना बाहेर ठेवले गेले आणि त्यांच्या वाट्याला कताईकडची कमी मजुरीची कामे आली. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एकाच जिल्ह्यातून एकाच शहरात आलेल्या माणसांपैकी काहींचा हात साच्यावर बसला आणि काहींना साच्याजवळ उभेही राहता आले नाही. कौशल्याची उणीव म्हणून जी सांगितली जाते ती अनेकदा नाकारलेल्या शिकवणीची उणीव असते.

व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून माणसे नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार काढून घ्यावा, अशी शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली. जॉबरची सत्ता एका दिवसात गेली नाही, पण ओसरू लागली. हे योग्यच झाले. तथापि जॉबरची सत्ता आणि जॉबरची शाळा या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. सुधारकांचे लक्ष पहिलीवर होते. दुसरीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तितक्याच आस्थेने विचारला गेला नाही.

शाळा बाहेर मात्र उभ्या राहत होत्या. मुंबईत १८८७ पासून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होती. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे विणले गेले. तिथल्या शिक्षकाला शिल्पनिदेशक हे पदनाम आणि पगार मिळाला. १९६१ च्या कायद्याने ‘शिकाऊ उमेदवार’ ही संज्ञा प्रस्थापित केली आणि आशेवर फुकट राबणाऱ्याला विद्यावेतन दिले. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या. विणाई खात्याच्या बंद दाराला दिलेले हे कायदेशीर उत्तर होते, असे आम्ही समजतो. प्रशिक्षण अर्हताप्राप्त व्यक्तीकडे सोपवण्याचे बंधनही या कायद्याने मालकावर घातले. तरी प्रत्यक्ष यंत्रापाशी जो शेजारी उभा राहून दाखवतो, त्याला आपले काम सांभाळूनच ते करावे लागले. उमेदवाराला नाव आणि वेतन मिळाले. वस्ताद बिननावाचाच राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा काम मिळाले नाही. कोकणातल्या गावांत परतलेले गिरणी कामगार आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्याजवळ तीस-तीस वर्षांचा हात होता, पण तो कोणाला द्यावा अशी जागा नव्हती. गिरणी गेली तसा साचा गेला, आणि साच्याबरोबर शिकवण्याचे प्रयोजन गेले.

मराठी साहित्याने या माणसाला काय दिले? शाळामास्तर आपल्या कथा-कादंबऱ्यांत उदंड आहेत. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’त गिरणी आणली, जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये गिरणीनंतरचे घर उभे केले. पण काम शिकवणारा माणूस नायक म्हणून आम्हाला क्वचितच भेटला. नारायण सुर्व्यांनी १९६६ मध्ये आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. गिरणीत राबलेला हा कवी पुढे शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाला. शिक्षक म्हणून त्याला मान्यता मिळाली ती शाळेच्या उंबऱ्याच्या आत, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. होय, हे काम आयुष्यभर करता येते. शिल्पनिदेशकाची वाट आहे, तिच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण आहे, आणि मोठ्या आस्थापनांत प्रशिक्षण विभागही असतात. पण त्या वाटेवर जाण्याआधी तिने स्वतःचा हात एखाद्या कामावर बसवावा. ज्याला धागा सांधता येत नाही त्याला सांधणे शिकवता येत नाही. मग जिथे नेमणूक होईल तिथे तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : शिकवण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जातो का, शिकणाऱ्याची नोकरी शिकवणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलेली नाही ना, आणि साच्याजवळ येण्याची मुभा सगळ्यांना आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही म्हणून आले की दस्तुरी वेगळ्या रूपाने परत येते. दुसऱ्याचे चुकले की जॉबर परत येतो. तिसऱ्याचे चुकले तर काय होते, ते विणाई खात्याने दाखवून दिले आहे.

हेच प्रश्न आम्हा अध्यापकांनाही लागू आहेत. आमचे विद्यार्थी ज्या छापखान्यात किंवा कचेरीत जातात, तिथे मुद्रितशोधनाच्या खुणा समजावून सांगणाऱ्या माणसाला आम्ही आभाराचे पत्र पाठवतो. त्याच्या त्या तासांचा हिशेब विद्यापीठाच्या कोणत्या रकान्यात बसतो, हे आम्ही आजवर विचारले नव्हते. पुढच्या सत्राआधी ते विचारायचे आम्ही ठरवले आहे.