कुपी आणि मडके : वसईच्या मद्याचा इतिहास



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल आणि काहींच्या ओठांवर हसू आले असेल. दोन्ही मला मान्य आहेत. मद्य हा विषयच असा आहे की, त्याविषयी तटस्थपणे बोलणारा मनुष्य क्वचित सापडतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला आठी आणि हसू ही दोन्ही बाजूला ठेवून विचारावे लागते की, कोणी काय प्याले, ते कुठून आणले, कशात साठवले, आणि ते पिण्याचा अधिकार कोणाला होता? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि आजचे माझे सारे विवेचन अखेर त्याच प्रश्नाशी येऊन थांबणार आहे.

वसई-विरारची मंडळी हल्ली सुटीच्या दिवशी नाशिकला जातात, द्राक्षांचे मळे पाहतात, वाइन कशी करतात ते समजून घेतात आणि परतताना दोन-चार बाटल्या घेऊन येतात. त्या बाटल्या घरी फडताळात मांडल्या जातात, पाहुण्यांना दाखवल्या जातात. हे सगळे नवे, परदेशी वळणाचे आहे असा आपला समज असतो. माझे म्हणणे असे की, यात नवी आहे ती फक्त बाटली. ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिला द्राक्षाच्या मद्याची ओळख झाली त्याला सुमारे दोन हजार वर्षे लोटली.

आपले सोपारे घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी प्रवासाचे टिपण आहे. त्यात सोपाऱ्याचा उल्लेख बंदर म्हणून येतो. त्याच टिपणात भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, येथे उतरणाऱ्या मालाची यादी दिली आहे आणि त्या यादीत मद्य आहे. इटलीचे मद्य लोकांना अधिक पसंत, त्याखेरीज सीरियातील लाओडिसियाचे आणि अरबस्तानचेही येते, असे तो लिहितो. राजासाठी आणावयाच्या मौल्यवान वस्तूंत चांदीची भांडी, गाणारी मुले आणि उंची मद्य यांचा समावेश आहे. हा राजा म्हणजे क्षत्रप नहपान असे बहुतेक विद्वान मानतात.

या मद्याचे रांजण महाराष्ट्रात सापडले. नेवासे, तेर, घारापुरी अशा ठिकाणी दोन मुठींच्या उंच रोमन रांजणांचे तुकडे मिळाले. पुढे अलीकडच्या संशोधकांनी हे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी पुष्कळसे रोमन नसून इराण-मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर माखलेल्या, लांबट रांजणांचे आहेत असे ठरले. म्हणजे पश्चिमेकडून येणारे मद्य एकाच देशाचे नव्हते. मद्य पाझरू नये म्हणून आतून डांबर लावण्याची युक्ती आपण ध्यानात ठेवावी. मद्य करण्याइतकीच ते टिकवण्याची विद्याही जुनी आहे.

आता याच नहपानाच्या घरातली दुसरी गोष्ट पाहू. त्याचा जावई उषवदात. त्याचा लेख नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे. त्यात त्याने नानंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडे दान दिल्याची नोंद आहे आणि दान घेणाऱ्यांच्या स्थानांत शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे, आहे. सासऱ्याच्या दरबारी समुद्रापारचे उंची मद्य येते आणि जावई मोजून माड दान करतो! द्राक्षाची कुपी बाहेरून येणारी आणि माड इथल्या मातीतला, ही जोडी पहिल्या-दुसऱ्या शतकापासून आपल्या किनाऱ्यावर एकत्र नांदते आहे.

माडाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. माडाची न उमललेली पोय बांधतात, तिचे टोक रोज धारदार कोयत्याने तासतात आणि खाली मडके अडकवतात. पहाटे जो रस मिळतो तो गोड, ती नीरा. सूर्य वर येऊ लागला की हवेतली आणि मडक्यातली किण्वे त्या साखरेवर काम करू लागतात, रस फसफसतो आणि दुपारपर्यंत त्याची माडी होते. तशीच राहू दिली तर तिचा शिरका होतो, आणि आंबण्याआधी कढवला तर गूळ. एकाच झाडाच्या एकाच रसाची ही चार रूपे. फरक केवळ वेळेचा आणि विस्तवाचा. ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी. दिवसातून दोनदा-तीनदा उंच झाडावर चढणे, पोय न दुखावता तासणे, मडके स्वच्छ ठेवणे हे भंडारी समाजाचे पिढीजात कसब. या कामात हात जरा चुकला तर पोय वाळते, आणि पाय चुकला तर माणूस जातो.

इसवी सन १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे सुमारे दोनशे वर्षे ही त्यांची उत्तर भागातली राजधानी होती. त्यांच्यातला एक वैद्य, गार्सिया द ओर्ता, याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याने माडाच्या रसाला ‘सुरा’ हेच नाव दिले आहे. ती सुरा गाळून जे पहिले तीव्र मद्य मिळते त्याला ‘फुला’, म्हणजे फूल, म्हणतात, असे तो नोंदवतो. एका परक्या माणसाने आपल्या लोकांचे शब्द इतक्या आदराने टिपून ठेवले, ही गोष्ट आपण विसरू नये. उन्हात ठेवलेल्या सुरेचा शिरका होतो, हेही त्याने लिहिले आहे.

परंतु एका ठिकाणी माडीला प्रवेश नव्हता. ख्रिस्ती उपासनेतील मिस्साविधीला द्राक्षाचेच मद्य लागते, दुसऱ्या कोणत्याही फळाचे किंवा झाडाचे चालत नाही, हा धर्मनियम. वसईच्या कोटात आणि कोटाबाहेर अनेक चर्चे उभी राहिली. त्या प्रत्येक वेदीला द्राक्षाचे मद्य हवे. ते लिस्बनहून पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून, सहा-सहा महिन्यांचा प्रवास करून यायचे. उष्ण कटिबंधातून दोनदा जाताना साधे मद्य बिघडे. मदैरा बेटाच्या मद्यात मात्र पुढे गाळलेला अर्क मिसळू लागले, त्यामुळे ते नासत नसे. उलट जहाजाच्या पोटातल्या उष्णतेने ते अधिक चवदार होते असा अनुभव आला. पुढे मुंबईच्या इंग्रजांनीही हेच मद्य उचलून धरले.

म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या वसईत चित्र असे दिसते. वेदीवर आणि फिदाल्गोंच्या मेजावर द्राक्षाची कुपी; वाडीत, मळ्यात आणि कामकऱ्याच्या झोपडीत माडीचे मडके. पाव फुगवायला मात्र माडीच लागे, म्हणून मडके गोऱ्या साहेबाच्या स्वयंपाकघरातही मागच्या दाराने शिरले होते. १६९५ मध्ये आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने वसईबाहेर मैलोगणती पसरलेल्या बागांचे आणि उसाच्या मळ्यांचे कौतुक केले आहे. त्या वाड्यांची परंपरा केळी, पानवेल आणि फुलझाडे यांच्या रूपाने पुढे शतके चालली.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली मोठी घंटा वसईकडचीच असल्याचे सांगतात. ज्या वेदीपाशी द्राक्षाचे मद्य अर्पण होत असे तिथली घंटा, पुढे जिथे द्राक्षमद्याचा उद्योग उभा राहायचा होता त्याच गावी जाऊन टांगली गेली, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग.

यानंतर इंग्रजी अमदानी आली, आणि माझ्या विषयातला सर्वांत कडू भाग इथे सुरू होतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचा प्रत्येक थेंब सरकारच्या हिशेबात आणला. माड तासायचा तर परवाना, आणि कर मडक्यावर नव्हे तर झाडावर. झाडाला रस कमी आला, पाऊस लांबला, चढणारा आजारी पडला, तरी कर तोच. पुढील दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या भंडाऱ्यांनी या वाढत्या करांविरुद्ध गाऱ्हाणी मांडली, माड तासण्याचे थांबवले. मोहाच्या फुलांचे तेच झाले. वारली आणि इतर आदिवासींच्या सणावारात, लग्नात, देवाच्या कामात मोहाचे मद्य लागे. पण १८९२ च्या कायद्याने या भागात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. जंगलात फुकट पडणारे फूल घरात ठेवणे हा गुन्हा, आणि त्याच फुलाची सरकारमान्य भट्टीतली दारू मक्त्याच्या दुकानातून विकत घेणे हा कायदेशीर मार्ग! या धोरणाने पिणे कमी झाले असे नाही. पिणारा दुकानदाराचा ऋणको मात्र झाला.

मद्याने संसार बुडतात, हे काही मी नाकारीत नाही. म्हणूनच स्वातंत्र्याच्या चळवळीने दारूच्या दुकानांवर निरोधन केले आणि १९४९ च्या कायद्यान्वये ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. हेतू उदात्त होता. परंतु कायद्याच्या नजरेला भट्टीची विषारी दारू आणि नाताळासाठी आजीने चिनी मातीच्या बरणीत घातलेली मनुकांची वाइन यांतला भेद दिसत नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांतून मनुका, जांभूळ, आले यांची वाइन घालण्याची रीत आहे. मनुका, साखर, मूठभर गहू आणि किण्व बरणीत घालतात. फडक्याने तोंड बांधून अंधाऱ्या खोलीत ठेवतात, रोज लाकडी पळीने ढवळतात, आणि सुमारे तीन आठवड्यांनी गाळतात. खऱ्या अर्थाने हाच वसईतला घरगुती संग्रह. कायद्याच्या अक्षराप्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे आजही गुन्हाच आहे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. आणि ही रीत लोप पावली तर आपल्या घराचा एक कोपरा ओसाड होईल, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे.

पुढे कायदा सैल झाला आणि वारा फिरला. १९८० च्या दशकात नारायणगावजवळ फसफसणाऱ्या द्राक्षमद्याचा कारखाना निघाला. १९९९ मध्ये नाशिकजवळ सुला स्थापन झाली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखून सवलती दिल्या. २००५ मध्ये सुलाने येणाऱ्यांना चव घेऊन पाहण्यासाठी दालन उघडले आणि मळे पाहण्याच्या सहलींना सुरुवात झाली.

आपण तिथे जाल तेव्हा बाटलीआधी वेल पाहा. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे थंडी अपुरी, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळ्याअखेर गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. परदेशी वेलीला देशी पंचांग शिकवणारे हे शेतकरीच या उद्योगाचे खरे कर्ते. आपल्या पालघर जिल्ह्यातही बोर्डीला चिकूपासून मद्य तयार झाले. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते आपणांस ठाऊक आहेच.

घरी ठेवावयाचे झाले तर चार गोष्टी पुरेत. मद्याचे वैरी तीन : ऊन, उजेड आणि हवा. बारा ते पंधरा अंशांचा सम गारवा उत्तम. वसईच्या उन्हाळ्यात तो पत्र्याखाली मिळणार नाही, स्वयंपाकघरातल्या चुलीशेजारी तर नाहीच. बुचाची बाटली आडवी ठेवावी म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाला त्याची गरज नाही. पांढरी वाइन बहुधा वर्षा-दोन वर्षांत संपवावी. साठवल्याने प्रत्येक मद्य सुधारते हा भ्रम आहे. परवान्याचे नियम पाळावेत, आणि संग्रहाची शोभा प्रमाणात आहे, पिण्यात नव्हे, हे विसरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पिण्याचा अधिकार कोणाला होता? दोन हजार वर्षांचा हिशेब पाहिला तर कुपीला दरबार, वेदी, मेज आणि अखेर शासनाचे धोरण मिळाले. मडक्याला कर मिळाला, पंचनामा मिळाला. द्राक्षाच्या शेतकऱ्याला सवलत मिळाली याचा मला आनंद आहे. पण ज्याने आपल्या किनाऱ्यावर बत्तीस हजार माडांच्या काळापासून ही विद्या जपली, त्या माडावर चढणाऱ्याला आपण काय दिले? आज वसईच्या वाड्यांत इमारती उभ्या राहत आहेत, माड पडत आहेत, आणि ज्यांना पोय तासता येते असे हात दरवर्षी कमी होत आहेत. या हातांबरोबर जी विद्या जाईल ती कोणत्याही बाटलीत भरून ठेवता येणार नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. नाशिकहून आणलेली बाटली फडताळात अवश्य ठेवा. पण तिच्या शेजारी एक वही ठेवा. आपल्या आळीतल्या एखाद्या वृद्ध भंडाऱ्याला भेटा, घरातल्या आजीला बरणीविषयी विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज वैद्याला जे सुचले, ते आपल्याला सुचू नये काय?