सनद, मोहोर आणि एस्टोनियाचा एक्स-रोड

सोव्हिएत आधिपत्यातून १९९१ साली मुक्त झालेल्या एस्टोनियापाशी राज्यकारभार नव्याने उभारण्याची उमेद विपुल होती, द्रव्य मात्र तुटपुंजे. तेव्हा सर्व खात्यांची दप्तरे एकाच विशाल कोठारात आणण्याऐवजी प्रत्येक दप्तर मूळ धन्याच्याच ताब्यात ठेवून त्यांच्यामध्ये संगणकीय माहितीच्या देवघेवीसाठी केवळ विश्वासाचा मार्ग बांधावा, हा विचार तेथे रुजला आणि २००१ साली ‘एक्स-रोड’ अस्तित्वात आला.

या मार्गाची खरी थोरवी, माझ्या मते, त्याच्या यंत्रांपेक्षा त्याच्या प्रवेशद्वारी अधिक आहे. नव्या संस्थेला, मग ते सरकारी खाते असो वा खासगी पेढी, मध्यवर्ती अधिकरणाकडे सदस्य म्हणून रुजू व्हावे लागते, आणि आपला सुरक्षा-सर्व्हर, म्हणजे या मार्गावरील देवघेव सांभाळणारा संगणक, सिद्ध करून मान्यताप्राप्त प्रमाणपत्रे, म्हणजे एका परीने सनद आणि मोहोर, संपादन करावी लागतात. परंतु इतके करूनही दुसऱ्याच्या दप्तरात हात घालण्याचा अखत्यार तिला आपोआप लाभत नाही, कारण कोणती माहिती कोणास द्यावी याची परवानगी त्या माहितीचा धनीच देतो, आणि प्रत्येक देवघेव स्वाक्षरीनिशी व कालमुद्रेसह नोंदली जाते. नागरिकाने एकवार दिलेली माहिती सरकारने त्याच्याकडे पुन्हा मागू नये, हा लोकहिताचा दंडक याच रचनेमुळे व्यवहारात उतरू शकला.

पुढे फिनलंडनेही हीच पद्धत स्वीकारली. तिच्या जोपासनेसाठी उभय राष्ट्रांनी २०१७ साली टालिन येथे एक सामायिक संस्था स्थापिली, आणि २०१८ मध्ये दोन्ही जाळी परस्परांस जोडली जाऊन एका राज्यात रुजू झालेल्या संस्थेची ओळख समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याकडेही ग्राह्य धरली जाऊ लागली.