हत्तुशा नगर व तेथील भाषा

इ. स. १९०६ सालीं विंक्लर व माक्रिडी यांनीं आशिया मायनरमधील बोगाझकोय येथें खणावयास आरंभ केला, आणि हिटाइट राजांची राजधानी हत्तुशा हिचें मातीच्या पाट्यांवर लिहिलेलें दफ्तर हातीं आलें. त्यांतील एका तहानें आम्हां संस्कृतज्ञांस विशेष मोह पाडला. हिटाइट राजा शुप्पिलुलिउम व मितन्नीचा शत्तिवाझ यांजमधील हा तह इ. स. पूर्वी १४ व्या शतकांतला. त्यांत साक्षी म्हणून मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांचीं नांवें आहेत. तेव्हां मितन्नीचे लोक म्हणजे वैदिक आर्यच, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें बेधडक सांगत आलों. तें चुकीचें होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे.

कारण ती देवतांची यादी समग्र वाचावयास हवी. मितन्नीच्या देवांत अग्रस्थान आहे तें हुर्री लोकांच्या तेशुब या पर्जन्यदेवास. आपले परिचित देव पुष्कळच खालीं येतात. प्रजेची भाषाहि हुर्रीच, आणि तिचें संस्कृताशीं कांहीं नातें नाहीं. राजांचीं नांवें, हे देव व अश्वविद्येंतील कांहीं शब्द एवढेंच काय तें आर्य. मितन्नीचा अश्वशिक्षक किक्कुलि याच्या ग्रंथांत ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंझ’, ‘सत्त’, ‘न’ हीं संख्यापदें ‘वर्तन्न’ या शब्दास जोडून येतात. पैकीं ‘ऐक’ फार मोलाचें. इराणी शाखेंत ‘ऐव’ असतें, म्हणून हें रूप भारतीय शाखेचें. परंतु ‘ऐ’चा ‘ए’ अद्याप झालेला नाहीं, म्हणून ध्वनिदृष्ट्या तें ऋग्वेदांतील ‘एक’ याहूनहि जुनें. शब्दाची साक्ष इतकी नेमकी असते. मात्र ती शब्दापुरती, सबंध राष्ट्रापुरती नव्हे.

खुद्द हत्तुशा तरी कोणाची? भूमीचें ‘हत्ति’ हें नांव (गजाशीं याचा संबंध नाहीं) ज्या पूर्वींच्या लोकांचें, त्यांची भाषा अगदीं निराळी. हिटाइट राजे आपल्या भाषेस नेशा नगरावरून नांव देत. ती इंडो-युरोपीय कुलांतील असल्याचें ह्रोझ्नी यानें १९१५ सालीं दाखविलें. नेशा म्हणजेच कानेश, हल्लींचें कुलतेपे. अश्शूरच्या व्यापाऱ्यांची पेठ येथें होती, व २०,००० हून अधिक लेख येथून निघाले आहेत. नेशा येथें राज्य करणाऱ्या अनित्तानें हत्तुशा उद्ध्वस्त करून ती पुन्हा वसविणारास शाप दिला होता. पुढें नेशाभाषी राजानेंच तेथें राजधानी केली आणि हत्तुशिलि हें नांवहि धारण केलें! नगराबाहेर याझिलिकाया येथील खडकावर देवांची मिरवणूक आहे; देवांचीं नांवें हुर्री, लिपि मात्र लुवियन चित्रलिपि.

हें दफ्तर अजून सरलेलें नाहीं. २०२३ सालीं तेथील एका विधिलेखांत कलाश्म देशाच्या भाषेंतील पठण सांपडलें. तोंवर अशी भाषा होती, हेंच कोणास ठाऊक नव्हतें.