कार्बाइडचा दिवा आणि कोबाल्टची काळी भुकटी

मुरबाडकडच्या वयस्कर मंडळींना जुन्या जत्रांमधला कार्बाइडचा दिवा आठवत असेल. खाली करड्या खड्यांचा डबा, वर पाणी. थेंब पडला की गॅस सुटायचा, आणि वास तर विचारू नका! इंधन घन पदार्थात बांधून न्यायचं आणि पाणी घालून हवं तेव्हा सोडवायचं. आज हायड्रोजनच्या बाबतीत आपण बोलणार आहोत ते हेच. नुसता हायड्रोजन मोटारीच्या टाकीत भरायचा तर वातावरणाच्या 700 पट दाबाने कोंबावा लागतो, म्हणून हा खटाटोप.

दुसऱ्या महायुद्धात शिकागोला श्लेसिंजर आणि हर्बर्ट ब्राउन यांनी सोडियम बोरोहायड्राइड तयार केलं. लष्कराला रणभूमीवर हायड्रोजन हवा होता. एका ग्रॅममधून सुमारे 2.4 लिटर वायू मिळतो, पण पाण्यात टाकल्यावर द्रावण अल्कधर्मी होतं आणि वायू सुटणं मंदावतं. मग त्यांनी वेगवेगळे धातूंचे क्षार घालून पाहिले. कोबाल्टचा क्षार घालताच काळी भुकटी तयार झाली आणि वायू भराभर सुटू लागला. हाच उत्प्रेरक! युद्धातलं हे काम छापून आलं ते 1953 साली.

यातला निम्मा हायड्रोजन पाण्यातून येतो. एक किलो हायड्रोजनला कागदावर साडेचार किलो पाणी, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जाताना पाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या शहापूरकरांना हा हिशेब समजावायला नको.

पुढची कथा त्या भुकटीचीच. कण जितका बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि वेगही जास्त. पण नॅनो आकाराचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि मग सगळी मेहनत पाण्यात. मुंबई विद्यापीठ आणि इटलीतलं ट्रेंटो विद्यापीठ इथल्या संशोधकांनी कोबाल्ट-बोरॉनमध्ये मॉलिब्डेनम, टंगस्टन असे धातू मिसळून हे गोळे होणं रोखायचे प्रयत्न केले, भुकटी पुन्हा पुन्हा वापरूनही पाहिली. महागडं प्लॅटिनम टाळून केलेलं हे काम आम्हाला मोलाचं वाटतं.

तरी आमची शंका वेगळीच आहे. वायू सोडवणं 1940च्या दशकातच जमलं होतं; अडलंय ते परतीच्या वाटेवर. दिव्यातला उरलेला चुना लोक तिथेच झटकून जायचे. इथे उरतो बोरेट, आणि त्याचं पुन्हा बोरोहायड्राइड करायला मिळालेल्या ऊर्जेहून जास्त ऊर्जा लागते. म्हणूनच 2007 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याला तज्ज्ञांनी मोटारींसाठी हा मार्ग सोडून देण्याचा सल्ला दिला.