शासकीय विधी महाविद्यालय, मुंबई
मुंबई विद्यापीठाशी संलग्न, १८५५ मध्ये सुरू झालेले कायदेशिक्षणाचे महाविद्यालय. त्याचा उगम मुख्य न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्या गौरवार्थ एल्फिन्स्टन संस्थेत निर्माण झालेल्या न्यायशास्त्राच्या अध्यासनात आहे. वकिली करणाऱ्यांनी अर्धवेळ अध्यापन करण्याची परंपरा हे त्याचे ठळक वैशिष्ट्य. त्यामुळे न्यायालयीन युक्तिवाद आणि वर्गातील चर्चा एकमेकांशी जोडलेल्या राहिल्या. उच्च न्यायालयात वकिली करणारे पां. वा. काणे येथे प्राध्यापक होते. त्यांचा पाच खंडांचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ (१९३०–६२) भारतीय विधिविद्वत्तेतील अग्रगण्य ग्रंथ होय. मो. क. छगला यांनीही येथे अध्यापन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये प्राचार्य झाले. (⟶ काणे, पांडुरंग वामन, न्यायशास्त्र, हिंदू विधी).