अनुपान : अन्न आणि पेय यांच्या संगतीचा प्राचीन विचार

आजच्या मराठीत ‘अनुपान’ हा शब्द बहुधा औषधापुरता उरला आहे. चूर्ण मधातून घ्यावे, तुपातून घ्यावे की कोमट पाण्याबरोबर घ्यावे, एवढेच तो सांगतो. संस्कृत वैद्यकात त्याची व्याप्ती याहून पुष्कळच मोठी होती. अन्नाच्या जोडीने किंवा अन्नावर घ्यावयाचे पेय म्हणजे अनुपान, आणि कोणत्या अन्नास कोणते पेय अनुरूप, हा तेथे शास्त्राचा विषय होता. रीसलिंगसारख्या ताज्या, पांढऱ्या द्राक्षमद्याची भोजनाशी जुळणी कशी करावी, ही चर्चा आपल्याकडे केवळ पाश्चात्त्य आयात समजली जाते. ती समजूत कितपत ग्राह्य आहे, हे या शब्दाच्या इतिहासावरून तपासता येते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात अनुपानाचे सूत्र आले आहे. पेय हे अन्नाच्या गुणांहून विपरीत असावे, परंतु शरीरातील धातूंना विरोधी नसावे, असा त्याचा आशय आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ वा अध्याय याच्याही पुढे जाऊन तपशील देतो. द्विदल धान्यांवर धान्याम्ल, म्हणजे आंबवलेली कांजी. नदीतील माशांवर कमळाच्या देठांचा आसव. समुद्रातील माशांवर महाळुंगाचा आसव, अशी ती यादी आहे. त्याच अध्यायात पाणी, पानक व मद्य ही मातीच्या पात्रांतून द्यावीत, असेही सांगितले आहे. पात्रापर्यंत पोहोचलेला हा विचार प्रासंगिक म्हणता येणार नाही.

आता रीसलिंगकडे पाहू गेल्यास तत्त्वाचे साम्य ध्यानात येते. जर्मनीतील ऱ्हाईन परिसरातील या द्राक्षाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १४३५ सालच्या एका हिशेबात सापडतो. थंड हवामानात हे द्राक्ष सावकाश पिकते. त्यामुळे त्याच्या मद्यात आंबटपणा तीव्र राहतो आणि सुगंध स्पष्ट असतो. मद्यार्काचे प्रमाण बहुधा बेताचे असते. स्निग्ध मांसावर त्याचा आंबटपणा योजतात, तर तिखट पदार्थावर किंचित गोड प्रकार निवडतात; कारण मद्यार्क तिखटाचा दाह वाढवतो व गोडी तो सौम्य करते. विपरीत गुणाने तोल साधण्याचे सूत्र येथेही आहे. मात्र साम्य म्हणजे परंपरा नव्हे. युरोपातील जुळणीचा हेतू रुचीचा, तर संहितांचा हेतू पचन व आरोग्य यांचा आहे. एकाच अनुभवातून निघालेले हे दोन स्वतंत्र विचार होत. एकाला दुसऱ्याचा जनक ठरविण्याचा मोह अभ्यासकाने टाळावयास हवा.

भेद सर्वांत ठळकपणे दिसतो तो ताजेपणाविषयी. दोन्ही संहिता नव्या मद्याला जड व दोषकारक म्हणतात, आणि जुन्या मद्याला हलके व स्रोतसे शुद्ध करणारे मानतात. उष्ण प्रदेशात मातीच्या भांड्यात आंबणाऱ्या रसाचा विचार केला, म्हणजे हे मत स्वाभाविक वाटते. आजचा ताजेपणा हा नियंत्रित तापमान, गाळण आणि बंद बाटली यांनी शक्य केलेला गुण आहे. संहिताकारांचे ‘नव’ मद्य आणि आजचे ‘ताजे’ मद्य हे म्हणून एकच पदार्थ नव्हेत. तीव्र आंबटपणामुळे उत्तम रीसलिंग कित्येक दशके टिकते, हेही येथे विसरता येत नाही.

द्राक्षमद्य या भूमीला अगदीच अपरिचित नव्हते. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ ही त्याची देशवाचक नावे दिली आहेत. मद्य स्थानावरून ओळखण्याची रीत तेव्हाही होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचला येणाऱ्या मालात इटालियन मद्याचा निर्देश असून, पैठण व तेर येथील माल भडोचला जात असल्याचेही नमूद आहे. नेवासे येथील १९५४–५६ च्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी असलेल्या कौंडिण्यपूर येथे मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. हे गाव त्याच काळातील असले, तरी एवढ्यावरून तेथील घरोघरी द्राक्षमद्य होते असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. दूरवरून समुद्रमार्गे आलेली वस्तू सामान्यांची नसते. वऱ्हाडाच्या उत्तरेस मेळघाटात मोहाची फुले विपुल आहेत, आणि चरकाच्या दहा पुष्पासवांत मधूक, म्हणजे मोह, गणला आहे. प्रादेशिक पेयाचा शोध घ्यावयाचा तो प्रथम या दिशेने.

अनुपानाचे तत्त्व मद्यावाचूनही टिकू शकते, हे याच तालुक्याच्या नेहमीच्या जेवणावरून दिसते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण व मिरचीचा ठेचा यांच्या जोडीला ताक असते. कोरड्या भाकरीला ओलावा, तिखटाला आंबट थंडावा, अशी ही विपरीत गुणांची योजना आहे. द्विदलांवर कांजी सांगणाऱ्या सुश्रुताच्या यादीशी तिचे नाते सहज ओळखता येते. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरीही याच तालुक्यात आहे, आणि त्यांच्या व्यसनमुक्तीच्या शिकवणीने मद्याला ग्रामजीवनातून दूर ठेवण्याचा आग्रह धरला. त्या आग्रहाचा अनुपानाच्या तत्त्वाशी विरोध येत नाही. सर्व अनुपानांत आकाशातून पडलेले पाणी श्रेष्ठ, असे मद्यांची एवढी लांब यादी देणाऱ्या सुश्रुतानेच म्हटले आहे. शब्द औषधापुरता आखडला, तरी त्यामागील व्यवहार ताटाशेजारच्या पेल्यात चालूच राहिला. ग्रंथांबरोबर हा पेलाही साधन म्हणून वाचला गेला, तरच प्रदेशाच्या आहाराचा इतिहास पुरा होईल.